आकड्यांची साक्ष आणि पुरवठ्याची साखळी : 'आसूड-परिणामा'च्या उपपत्तीची चिकित्सा

पुरवठा-साखळीच्या व्यवस्थापनाविषयी गेल्या तीन दशकांत जे विपुल लेखन झाले, त्याच्या मुळाशी एक श्रद्धा आढळते. साखळीच्या एका टोकास ग्राहक काय खरेदी करतो ह्याचे आकडे दुसऱ्या टोकाच्या कारखानदारास वेळेवर व बिनचूक मिळाले, तर साठ्यांची अडगळ, मालाचा तुटवडा आणि उत्पादनाची ओढाताण ह्या तिन्ही व्याधी शमतील, अशी ही श्रद्धा होय. 'डेटा ॲनॅलिटिक्स' ह्या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या शास्त्राने तिला यंत्रांचे बळ दिले. परंतु तिला सैद्धांतिक प्रतिष्ठा लाभली ती मुख्यतः हाऊ ली, व्ही. पद्मनाभन आणि सुंगजिन व्हांग ह्यांनी १९९७ साली 'मॅनेजमेंट सायन्स' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधामुळे. पुढील विवेचनात ह्या निबंधातील उपपत्ती, तिची पूर्वपीठिका आणि तिच्यावर नंतर झालेले संशोधन ह्यांची छाननी करावयाची आहे. उपपत्ती चुकीची आहे असे दाखविण्याचा येथे हेतू नाही. तिच्या आधाराने आकड्यांवर जो भार टाकला जातो तो त्यांना पेलवतो काय, एवढाच प्रश्न आहे.

ज्या घटनेचा उलगडा ह्या निबंधात केला आहे ती वरकरणी साधी आहे. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीच्या अधिकाऱ्यांनी आपल्या डायपरच्या व्यवहारांची तपासणी केली, तेव्हा त्यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. तान्ह्या मुलांना डायपर लागतात ते एका ठरावीक गतीने, आणि दुकानांतील विक्रीतही चढउतार बेताचेच होते. वितरकांच्या ऑर्डरींत मात्र ते पुष्कळ मोठे होते. आणि कंपनी स्वतः कच्च्या मालासाठी ज्या ऑर्डरी देत होती, त्यांत तर त्याहूनही मोठे. मुठीजवळ आसूड किंचित हलवावा आणि टोकाशी त्याचा मोठा फटकारा उमटावा, तसा हा प्रकार. इंग्रजी ग्रंथांत त्यास 'बुलव्हिप' म्हणतात. मराठीत 'आसूड-परिणाम' ही संज्ञा त्यास चपखल बसते.

घटना नवी नव्हती. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील जे. डब्ल्यू. फॉरेस्टर ह्यांनी १९५८ साली 'हार्वर्ड बिझिनेस रिव्ह्यू'मध्ये व पुढे १९६१ च्या 'इंडस्ट्रिअल डायनॅमिक्स' ह्या ग्रंथात तिचे गणिती प्रतिमान मांडले होते. किरकोळ दुकानदार, वितरक आणि कारखाना अशा तीन पायऱ्यांच्या ह्या प्रतिमानात किरकोळ विक्री एकदाच १० टक्क्यांनी वाढविली, तर काही आठवड्यांनी कारखान्याचे उत्पादन ४० टक्क्यांहून अधिक फुगते आणि पुन्हा तितक्याच अवाजवीपणे खाली येते. फॉरेस्टर ह्यांच्या मते ह्याचे कारण साखळीच्या रचनेतच आहे : ऑर्डर पोहोचण्यास लागणारा वेळ, माल येण्यास लागणारा वेळ, आणि साठा इष्ट पातळीवर आणण्यासाठी प्रत्येक पायरीवर घेतले जाणारे निर्णय. ह्या ग्रंथातील एक निष्कर्ष पुढील काळात जवळजवळ विस्मृतीत गेला, आणि तोच आजच्या चर्चेच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे. ऑर्डरींची कारकुनी कामे झपाट्याने उरकल्यास काय होईल, हेही फॉरेस्टर ह्यांनी तपासून पाहिले होते. फरक पडला तो किरकोळ. साठ्यातील तूट एकदम भरून न काढता सावकाश भरून काढण्याचे धोरण स्वीकारले, तेव्हा मात्र चढउतार लक्षणीय रीत्या उतरले. संगणकाच्या चुंबकीय स्मृतीच्या विकासात ज्याचा वाटा फार मोठा, त्याच संशोधकाने माहितीच्या केवळ वेगाला इतके दुय्यम स्थान द्यावे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

फॉरेस्टर ह्यांच्या परंपरेतूनच 'बिअरचा खेळ' ह्या नावाने प्रसिद्ध असलेला वर्गप्रयोग निघाला. त्यात चार खेळाडू अनुक्रमे किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखानदार होतात. ग्राहकाची मागणी पहिले चार आठवडे ४ पेट्यांची असते. पाचव्या आठवड्यात ती ८ होते आणि शेवटपर्यंत तेवढीच राहते. शिल्लक पेटीमागे आठवड्याला अर्धा डॉलर आणि न पुरविलेल्या पेटीमागे एक डॉलर खर्च धरला जातो. जॉन स्टरमन ह्यांनी १९८९ साली ह्या खेळाच्या नोंदींचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात संघांचा सरासरी खर्च इष्टतम खर्चाच्या सुमारे दहापट निघाला. ग्राहकाची मागणी कशी होती असे खेळ संपल्यावर विचारले असता, बहुतेक खेळाडूंनी कागदावर मोठमोठ्या लाटा काढून दाखविल्या; जी मागणी एकदाच बदलली आणि नंतर सरळ रेषेत राहिली, तिच्यावर त्यांनी आपल्याच ऑर्डरींच्या लाटा लादल्या. ह्याहून बोलका भाग पुढे आहे. आपण दिलेल्या पण अद्याप हाती न आलेल्या ऑर्डरी किती आहेत, हे प्रत्येकास ठाऊक होते, निदान ठाऊक असू शकत होते. तरी नवी ऑर्डर देताना बहुतेकांनी तो आकडा पुरेसा हिशेबात धरला नाही. म्हणजे माहितीचा अभाव हे ह्या ठिकाणी कारण नव्हते. माहिती हाताशी होती; ती वापरली गेली नाही.

ली, पद्मनाभन आणि व्हांग ह्यांचा निबंध ह्या पार्श्वभूमीवर वाचला म्हणजे त्याचे वेगळेपण ध्यानात येते. स्टरमन ह्यांचा खेळाडू चुकतो. ह्या त्रयीचा व्यापारी चुकत नाही. साखळीतील प्रत्येक घटक आपापल्या परीने पूर्णपणे विवेकी आहे असे गृहीत धरूनही आसूड-परिणाम उत्पन्न होतो, हे त्यांनी गणिताने दाखविले. त्यांनी सांगितलेली कारणे चार : ताज्या ऑर्डरी पाहून मागणीचा अंदाज वारंवार बदलणे, थोडी थोडी ऑर्डर न देता ती साठवून गठ्ठ्याने देणे, सवलतींमुळे किमतीत होणारे बदल, आणि तुटवड्याच्या काळात वाटणीत आपल्याला अधिक मिळावे म्हणून गरजेहून मोठी ऑर्डर नोंदविणे. पहिल्या तीन कारणांचे विवेचन स्वच्छ आहे, आणि त्यावर फारसे भाष्य करण्याचे कारण नाही. चौथे मात्र जातीने निराळे आहे. पहिल्या तिहींत ऑर्डरीचा आकडा खऱ्या मागणीचे विरूप प्रतिबिंब असतो. चौथ्यात तो हेतुपुरस्सर केलेला डाव असतो. निबंधकारांनी ही चारही कारणे 'माहितीचे विरूपण' ह्या एकाच मथळ्याखाली आणली. ह्या वर्गीकरणातच पुढील गोंधळाचे बीज आहे. आरसा वाकडा असेल तर तो सरळ करता येतो. समोरचा मनुष्य मुद्दाम वेष पालटून उभा असेल, तर आरसा कितीही घासून काय होणार?

उपायांच्या बाबतीतही हीच गफलत दिसते. विक्रीचे आकडे साखळीतील सर्वांना द्यावेत, साठ्याची जबाबदारी पुरवठादाराने घ्यावी, किमती स्थिर ठेवाव्यात असे उपाय निबंधकार सुचवितात. तुटवड्याच्या डावावर त्यांनी सुचविलेला उपाय असा की, माल ऑर्डरीच्या प्रमाणात न वाटता मागील विक्रीच्या प्रमाणात वाटावा. युक्ती नामी आहे. पण ती जाहीर होताच मागील विक्री हाच नवा डाव होऊन बसतो. जेरार्ड कॅशॉन व मार्टिन लॅरिव्हिअर ह्यांनी १९९९ साली ह्याच पद्धतीचे विश्लेषण करून दाखविले की, उद्याच्या वाटणीवर डोळा ठेवून विक्रेते मंदीच्या काळातही एरवी विकले असते त्याहून अधिक विकू लागतात. पुरवठादारास हे लाभदायक ठरू शकते. मागणीचे यथार्थ ज्ञान मात्र त्यातून हाती येतेच असे नाही. ज्या आकड्याला काही देण्याचा अधिकार मिळतो, तो आकडा त्या क्षणापासून निःपक्षपाती राहत नाही.

आता क्षणभर असे समजावे की साखळीत कोणीही डाव खेळत नाही आणि प्रत्येक आकडा खरा आहे. तरी आकड्यांच्या देवाणघेवाणीने किती साधते? ह्याचे उत्तर फ्रँक चेन, झ्वी ड्रेझनर, जेनिफर रायन आणि डेव्हिड सिम्ची-लेव्ही ह्यांच्या २००० सालच्या निबंधात मिळते. दुकानदार गेल्या काही कालखंडांच्या सरकत्या सरासरीवरून मागणीचा अंदाज बांधतो आणि साठा ठरावीक पातळीपर्यंत भरतो, असे त्यांनी मानले. सरासरीत धरलेल्या कालखंडांची संख्या ४ असून ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंत २ कालखंड जातात असे धरल्यास, व मागणीच्या निरनिराळ्या कालखंडांत परस्परसंबंध नसल्यास, त्यांच्या सूत्रानुसार ऑर्डरींचे प्रचरण (चढउताराचे सांख्यिकी मान) मागणीच्या प्रचरणाच्या किमान २.५ पट होते. अशा तीन पायऱ्या एकापुढे एक असतील आणि प्रत्येक पायरी केवळ आपल्या खालच्या पायरीच्या ऑर्डरी पाहत असेल, तर हे गुणक एकमेकांस गुणतात व तिसऱ्या पायरीवर प्रमाण १५.६ पटींच्या वर जाते. तिन्ही पायऱ्यांना ग्राहकाच्या मागणीचे खरे आकडे दिले, तर ते ८.५ पटींवर येते. सुधारणा मोठी आहे, हे निःसंशय. पण संपूर्ण पारदर्शकता असूनही साडेआठ पट चढउतार शिल्लक राहतो, हेही तितकेच निःसंशय. तो राहतो, कारण माल येण्यास लागणारा वेळ आकड्यांनी कमी होत नाही. तोच कालावधी २ वरून १ वर आणला, तर आकडे कोणीही कोणास न देता तिसऱ्या पायरीवरील प्रमाण सुमारे ४.३ पट एवढेच उरते. गोदी, रस्ते, यंत्रांची जुळवाजुळव ह्या नीरस बाबींकडे विश्लेषणाच्या उत्साहात जे दुर्लक्ष होते, त्याची किंमत ह्या हिशेबातून स्पष्ट होते.

प्रत्यक्ष अर्थव्यवस्थेत हा परिणाम किती व्यापक आहे, ह्याविषयीही एकमत नाही. कॅशॉन, टेलर रँडल आणि ग्लेन श्मिट ह्यांनी २००७ साली अमेरिकी जनगणना विभागाच्या मासिक आकड्यांवरून घाऊक व्यापारात तो पाहिला. किरकोळ व्यापारात सामान्यतः व बहुसंख्य उत्पादन-उद्योगांत तो त्यांना आढळला नाही. ऋतुमानानुसार येणारी मोठी लाट उत्पादक आधीच ओळखतात व सपाट करतात, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. उलट, रॉबर्ट ब्रे व हायम मेंडेल्सन ह्यांनी २०१२ साली १९७४ ते २००८ ह्या काळातील ४,६८९ अमेरिकी कंपन्यांचे आकडे तपासले, तेव्हा सुमारे दोन-तृतीयांश कंपन्यांत तो दिसला. एका अभ्यासात मोजमापाचा घटक संपूर्ण उद्योग होता, दुसऱ्यात एकेक कंपनी. अनेक कंपन्यांची बेरीज केली म्हणजे एकीची चढण दुसरीच्या उतारात जिरून जाते. एकच घटना मापनाच्या चाळणीनुसार दिसते वा नाहीशी होते, ही गोष्ट ज्या विद्यार्थ्यांना केवळ तयार आकड्यांवर प्रबंध लिहावयाचा असतो त्यांनी विशेष ध्यानात ठेवावी अशी आहे.

ह्याहून खोल अडचण अशी की, साखळीत नोंदविला जाणारा आकडा ज्याचा म्हणून सांगितला जातो त्याचा तो बहुधा नसतोच. विक्रीची नोंद म्हणजे मागणी नव्हे. फळीवर माल नसेल त्या दिवशी विक्री शून्य नोंदविली जाते, आणि अंदाज बांधणारे यंत्र ते शून्य 'कोणास हा माल नको' असे वाचते. मग ते ऑर्डर कमी सुचविते, फळी पुन्हा रिकामी राहते, आणि यंत्राचे भाकीत खरे ठरते. ह्या 'छाटलेल्या' मागणीवर सांख्यिकीत उपाययोजना आहेत. पण माल केव्हा संपला हे अचूक ठाऊक असेल तरच त्या लागू पडतात. निकोल डीहोरेशस व अनंत रामन ह्यांनी एका किरकोळ व्यापार-कंपनीच्या ३७ दुकानांतील सुमारे ३,७०,००० साठा-नोंदी तपासल्या, तेव्हा ६५ टक्के नोंदी प्रत्यक्ष साठ्याशी जुळल्या नाहीत. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या निबंधाची चर्चा व्यवस्थापनाच्या वर्गांत व्हावी तितकी होत नाही. अल्गोरिदमची वाखाणणी करणे सोपे असते. गोदामात उभे राहून खोकी मोजण्याचे काम कोणालाच नको असते.

शून्याच्या ह्या फसवेपणाचे एक उदाहरण महाराष्ट्रातच उपलब्ध आहे. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव बाजारसमितीत कांद्याची रोजची आवक आणि भाव नोंदविले जातात, आणि देशभर त्यावरून पुरवठ्याविषयी निष्कर्ष काढले जातात. परंतु उन्हाळी कांदा शेतकऱ्याच्या चाळीत महिनोन्‌महिने राहतो. आवक हा शेतकऱ्याच्या निर्णयाचा आकडा आहे. पिकाचा किंवा साठ्याचा नव्हे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसविले, तेव्हा निषेध म्हणून जिल्ह्यातील बाजारसमित्यांतील लिलाव काही दिवस बंद राहिले. त्या दिवसांची आवक नोंदवहीत नगण्य दिसेल. कांदा मात्र चाळीत होताच. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली आणि ती मे २०२४ मध्ये उठली. ह्या सबंध काळाच्या आवकेच्या आकड्यांत भावाची अपेक्षा, धोरणाची धास्ती, चाळीतील सड आणि घरची निकड ह्या सर्वांचे मिश्रण आहे. ऋतुमान व कल एवढ्याच पदांत त्यांची फोड करणारे विश्लेषण गणिताच्या दृष्टीने निर्दोष असूनही कांद्याविषयी फार थोडे सांगेल. चाळीत किती माल आहे हे शेतकऱ्यास ठाऊक असते. पण ते सांगितल्याने भाव पडेल किंवा निर्बंध येईल अशी भीती असताना त्याने ते का सांगावे, ह्याचे उत्तर कोणत्याही प्रतिमानात नाही.

हितसंबंधांचा हाच प्रश्न इटलीतील बारिला ह्या मॅकरोनी-उत्पादक कंपनीच्या प्रसिद्ध उदाहरणात स्पष्टपणे दिसतो. जॅनिस हॅमंड ह्यांनी हार्वर्डमध्ये १९९४ साली लिहिलेले हे प्रकरण-अध्ययन जगभर शिकविले जाते. इटलीत मॅकरोनीचा खप जवळजवळ स्थिर. तरी वितरकांच्या ऑर्डरी दर आठवड्यास प्रचंड हेलकावे खात. वितरकांनी आपल्या विक्रीचे व साठ्याचे आकडे द्यावेत आणि किती माल पाठवावयाचा हे कंपनीने ठरवावे, अशी योजना कंपनीच्या पुरवठा-विभागाने मांडली. वितरकांनी तिला विरोध केला. आपल्या गोदामाचा ताबा आपण होऊन दुसऱ्याच्या हाती का द्यावा, असा त्यांचा सवाल होता. ह्यात नवल नाही. नवल आहे ते कंपनीच्या स्वतःच्या विक्री-विभागाने केलेल्या विरोधाचे. कंपनी वर्षाचे दहा-बारा विक्री-हंगाम पाडीत असे, प्रत्येक हंगामात निरनिराळ्या मालावर सवलत देत असे, आणि विक्री-प्रतिनिधींचा मोबदला त्या हंगामातील विक्रीशी बांधलेला असे. म्हणजे ज्या लाटांनी कारखाना हैराण झाला होता, त्या उठविण्यासाठी त्याच कंपनीचा दुसरा विभाग माणसांना पैसे देत होता. हे शोधण्यास सूक्ष्म सांख्यिकीची गरज नव्हती. मोबदल्याचे नियम वाचले असते तरी पुरे होते. वर्गात मात्र हे प्रकरण बहुधा 'माहितीच्या देवाणघेवाणीचा विजय' म्हणून सांगितले जाते, आणि मोबदल्याचा भाग तासाच्या शेवटी घाईत उरकला जातो.

सिस्को ह्या संगणक-जाळ्यांची उपकरणे बनविणाऱ्या कंपनीचा अनुभव तर ह्याहून कडू आहे. आपले हिशेब एका दिवसात मिटविता येतात अशी तिची ख्याती होती. आकड्यांच्या तत्परतेत तिची बरोबरी करणारे थोडेच असतील. तुटवड्याच्या काळात ग्राहकांनी एकाच गरजेसाठी अनेक ठिकाणी ऑर्डरी नोंदविल्या, आणि त्या सर्व ऑर्डरी कंपनीच्या यंत्रणेत खऱ्या मागणीसारख्या जमा होत गेल्या. बाजार उलटताच त्या विरून गेल्या, आणि २००१ साली कंपनीला सुमारे २.२५ अब्ज डॉलर किमतीचा साठा हिशेबातून वजा करावा लागला. आकडे ताजे होते व जुळतही होते, फक्त ते मागणीचे नव्हते. ली प्रभृतींच्या चौथ्या कारणाचे ह्याहून ठळक उदाहरण सापडणार नाही. आणि विशेष असे की, त्यांचा निबंध त्या वेळी प्रसिद्ध होऊन चार वर्षे लोटली होती.

आसूड-परिणामाच्या कारणमीमांसेत विवेकी व्यापाऱ्याला दिलेले मध्यवर्ती स्थान राखावे काय, ह्याचा निर्णय रेचेल क्रोसन व कॅरन डोनोह्यू ह्यांच्या २००६ सालच्या प्रयोगांच्या आधारे करता येतो. त्यांनी बिअरच्या खेळातून ली प्रभृतींची चारही कारणे काढून टाकली : किमतीत बदल नाही, गठ्ठ्याची सक्ती नाही, तुटवड्याची वाटणी नाही, आणि मागणीचे संभाव्यता-वितरण प्रत्येक खेळाडूस आधीच सांगितलेले. अंदाज बांधण्याचे प्रयोजनच उरले नाही. तरी आसूड हललाच. एकमेकांचे साठे दिसू लागल्यावर तो काहीसा शांत झाला, आणि त्याचा लाभ ग्राहकापासून दूर असलेल्या पायऱ्यांना अधिक झाला. ह्यावरून स्टरमन ह्यांचे म्हणणे अंशतः पुनःस्थापित होते. त्याचबरोबर आकडे देण्याचे मोलही नाकारता येत नाही. मात्र ते मोल पूर्वी समजले गेले त्याहून निराळ्या जातीचे आहे. ग्राहक काय मागतो हे खेळाडूंना ठाऊकच होते. शेजारच्या पायरीची स्थिती दिसल्याने त्यांना थोडा धीर आला असावा, आणि भीतीपोटी जादा ऑर्डर देण्याचे प्रमाण घटले असावे, असा अर्थ येथे अधिक सयुक्तिक वाटतो.

हा अर्थ मान्य केला, तर पुरवठा-साखळीच्या संशोधनात प्रथम विचारावयाचे प्रश्न बदलतात. अंदाजाची चूक किती टक्क्यांनी घटली हे विचारण्यापूर्वी, तो आकडा कोणी नोंदविला, नोंदविताना त्याला कशाचा लाभ वा धाक होता, आणि आकडा वाचणाऱ्याने त्यावरून काही केल्यास नोंदविणाऱ्याचे काय होते, हे तपासावे लागते. पदव्युत्तर प्रबंधांत आधारसामग्रीच्या प्रकरणात आज आकड्यांचा उगम दोन ओळींत सांगून प्रतिमानाकडे धाव घेतली जाते. लासलगावच्या आवकेवर काम करणाऱ्या अभ्यासकाने लिलाव कोणत्या दिवशी व कशामुळे बंद होते ह्याची तारीखवार यादी जोडणे आणि दहा-वीस चाळी स्वतः पाहून येणे, हे काम त्या प्रकरणातच बसते. आणि ते केल्याशिवाय पुढच्या प्रकरणातील सूत्रे कशाचे मोजमाप करीत आहेत हे परीक्षकालाही कळू शकणार नाही.